पाठमोऱ्या देवीचं वाक्य

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, म्हणजे आपल्या आवाज कलाकार संघाच्या ज्येष्ठ अध्यक्षबाई. माझ्या उजव्या हाताला बसलेले आणि मी आता काय काय बोलणार या धास्तीने मघापासून पाणी पिणारे आपले प्रमुख पाहुणे, चित्रपट वितरकसाहेब. संवाद लिहिणारे आमचे गुरुजी. जिला निरोप द्यायला आपण सगळे जमलो ती आपली मावशी. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसलेले मावशींचे यजमान, आपले काका. आणि सभागृहातल्या माझ्या सर्व स्नेह्यांनो,

या सभागृहात बोलायला उभं राहणं म्हणजे मोठी पंचाईत आहे. एरवी सभेत एकट्या वक्त्याला बोलता येतं आणि बाकीच्यांना ऐकावं लागतं. इथे समोर दोन सम्राट बसलेत, एक वाघ आहे, अंतराळातून आलेली एक राजकन्या आहे आणि शेवटच्या रांगेत साक्षात एक बोलका ससा आहे. सशाला आज खोकला झालाय म्हणून तो गप्प आहे, एवढंच माझं नशीब. परदेशातून आलेले सिनेमे आपल्या भाषेत बोलते करायचे हा आपला उद्योग. तोंड त्यांचं, आवाज आपला. मी या उद्योगात आलो तो मागच्या दाराने. आज कलाकारांकडून आवाज करून घेतो, पण मूळचा मी रेडिओ दुरुस्त करणारा. शिक्षण बेताचं, भांडवल म्हणजे हे दोन कान. रेडिओ उघडण्याआधी तो नुसता लावून ऐकायचा आणि खरखर कुठून येतेय ते ओळखायचं, ही सवय पुढे माणसांनाही लागू पडली. असो. माझ्याबद्दल बोलायला मी उभा नाही.

मावशींबद्दल बोलायचं तर आधी 'गर्दी' हा शब्द समजून घ्यावा लागेल. आपल्यात नसलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. सिनेमात बाजार असतो, आग लागते, जहाज बुडतं, तेव्हा मागे जी माणसं ओरडतात, घासाघीस करतात, हंबरडा फोडतात, ते सगळे आवाजही कुणालातरी द्यावे लागतात. त्याला आम्ही गर्दी म्हणतो. मावशी कित्येक वर्षं गर्दीत होत्या. त्या बुडत्या जहाजावर बुडल्या, जळत्या वाड्यात जळल्या, दवाखान्यात "डॉक्टर, लवकर या" म्हणाल्या. सिनेमाच्या शेवटी नावं येतात त्यात त्यांचं नाव कधी आलं नाही. तिथे 'इतर आवाज' असं येतं आणि तेवढ्यात लोक चपला शोधायला लागतात.

पण एका माणसाने मात्र ही गर्दी कधी गर्दी मानली नाही. काकांचं सलून होतं. आणि काका म्हणजे काय बोलणारा माणूस! गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, की त्याची सुटका नाही. "तो सिनेमा बघितलात का? त्यात आग लागते बघा, तेव्हा एक बाई 'पळा, पळा' म्हणून किंकाळी फोडते. ती आमची!" गिऱ्हाईक बिचारं आरशातूनच डोळ्यांनी हो म्हणायचं, कारण मान हलवायची सोय नसायची. गंमत अशी की काका दरवेळी चुकीची किंकाळी सांगायचे. 'पळा' म्हणणारी मावशी नसायचीच. मावशी मागे कुठंतरी "पाणी आणा गं" म्हणत असायची. मी एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

तर म्हणाल्या, "कशाला? हे ज्या किंकाळीचं कौतुक करतात ती माझ्यापेक्षा चांगली असते. असू दे मलाच."

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सलून बंद झालं. काका, तुमच्यासमोर हे सांगतोय, राग मानू नका. तुम्ही मान हलवलीत, आभारी आहे. त्यांना सगळं कळत होतं, अजूनही कळतं. पण शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. आणि मावशीच्या मनात एक गोष्ट राहून गेली. या माणसाने आयुष्यभर आपलं कौतुक केलं, पण सिनेमातला आपला खरा आवाज एकदाही ओळखून ऐकला नाही. एकदा तरी थिएटरात बसून त्यांनी ऐकावा. एवढंच. हे त्या एकदा चहा पिताना बोलून गेल्या आणि लगेच "जाऊ दे, काय ते" म्हणून कप धुवायला उठल्या.

आता येतो 'धुक्याची तलवार' या सिनेमाकडे. वितरकसाहेब, घाबरू नका, मी हळूहळू जाणार आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलाय. ढगांत बुडालेला डोंगर, वर एक मंदिर, मंदिरात हजार वर्षं राखण करणारी योद्धी. लोक तिला देवी म्हणतात. धुरातून राक्षस येतात, ती छपरांवरून उडते, पाण्यावरून चालते, एका तलवारीने पाऊस कापते. सोबत एक उद्धट शिष्या. तिला युद्धकला शिकवायची आणि शेवटी तिच्या हवाली डोंगर करून निघून जायचं, एवढी गोष्ट. देवीच्या आवाजासाठी एक नामांकित अभिनेत्री ठरल्या होत्या. मोठ्या गुणी बाई. पण मारामारीच्या पहिल्याच दिवशी 'हा!' आणि 'हूं!' करून त्यांचा घसा बसला, आणि डॉक्टरांनी त्यांना बोलायचीच मनाई केली. प्रदर्शनाची तारीख ठरलेली. मी डोकं धरून कानाला हेडफोन लावून बसलो होतो.

त्या दिवशी घरी सोबतीला कुणी नव्हतं म्हणून मावशी काकांना स्टुडिओत घेऊन आल्या होत्या. आमच्या रेकॉर्डिंगच्या दाराला उंच उंबरा आहे, आवाज आत येऊ नये म्हणून. खुर्ची अडली. मावशींनी काकांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचलून उंबऱ्याच्या अलीकडे आणलं. आतला माईक चालूच होता. माझ्या कानात आलं ते असं: आधी एक श्वास आत ओढला. मग तो धरला. मग थोडा थोडा सोडला, दातांमधून, आणि शेवटी अगदी हलकेच, "हं. झालं."

मी हेडफोन काढले. आमचा रेकॉर्डिस्ट, ज्याला आपण सगळे बटणराव म्हणतो, त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "देवी सापडली."

तो म्हणाला, "कुठाय?"

"उंबऱ्यात उभी आहे."

मावशी आधी हसल्या, मग घाबरल्या. "अहो, मी गर्दीतली. मला एकटीला उभं केलंत तर मी इकडे तिकडे बघत बसेन." पण उभ्या राहिल्या. आणि पडद्यावरच्या त्या बाईला नीट निरखून म्हणाल्या, "ही हजार वर्षं लढतेय ना? मग ही ओरडेल कशाला? सवयीचं काम करताना कुणी ओरडतं का?" तेव्हापासून आमच्या देवीने एकदाही 'हा!' केलं नाही. ती श्वास धरायची, सोडायची, आणि राक्षस खाली पडला की "हं" म्हणायची.

काका बाहेरच्या खोलीत काचेपलीकडे बसायचे. आमचं बांधकाम इतकं पक्कं की तिथे टाचणी पडल्याचाही आवाज जात नाही. म्हणजे मावशी बोलताना काकांना दिसायची. ऐकू मात्र काहीच यायचं नाही.

आता ते गाजलेलं वाक्य. मंदिराच्या दालनात मोठी लढाई होते. राक्षस संपतात. समया आडव्या, पडदे फाटलेले, मडक्यांच्या खापऱ्या, सगळीकडे काळी राख. देवी आपल्याकडे पाठ करून उभी राहते आणि तो पसारा बघते. मूळ सिनेमात तिथे शांतता आहे. मावशींनीही संवाद म्हणून काही म्हटलं नाही. पण त्या पसाऱ्याकडे बघून स्वतःशीच पुटपुटल्या, "आता हे सगळं आवरायचं कुणी?"

माईक चालू होता. आता पाहुण्यांनो, आमच्या धंद्यातली एक खोड सांगतो. समोरून माणूस बोलत असला की ओठ जुळवावे लागतात, त्यात आमचा जीव मेटाकुटीला येतो. पण पाठमोरा माणूस म्हणजे मोकळं रान! ओठ दिसत नाहीत, तेव्हा राहिलेलं एखादं वाक्य आम्ही तिथे बिनधास्त घुसवतो. बटणरावने ते वाक्य ऐकलं, त्याला वाटलं मी घुसवलंय. मी ऐकलं, मला वाटलं गुरुजींनी लिहिलंय. गुरुजींनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, आपणच लिहून विसरलो. गुरुजी, खरं की नाही? बघा, हसतायत. आणि मावशीला आपण मोठ्याने बोललो हेच ठाऊक नव्हतं. असं ते वाक्य कुणाचंच नसताना सिनेमात गेलं.

सिनेमा लागला. मी पहिल्या दिवशी गेलो. माझी एक सवय आहे, मी थिएटरात पडद्याकडे पाठ करून दाराशी उभा राहतो. सिनेमा मला पाठ असतो. लोक पाठ नसतात. देवी पहिल्यांदा उडाली तेव्हा शिट्ट्या पडल्या. पाण्यावरून चालली तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "दोरी आहे दोरी," आणि दुसरा म्हणाला, "अरे, असेना का!" आणि मग ते वाक्य आलं आणि सगळं थिएटर हसलं.

दुसऱ्या दिवशी वितरकसाहेबांचा फोन. साहेब, तुमचाच आवाज काढतो, चुकला तर सांगा.

"अहो, देवीवर हसतायत लोक!"

"कसे हसतायत?"

"कसे म्हणजे? तोंडाने! पेपरात काय छापून आलंय वाचलंत का? 'देवीची आजीबाई झाली.' एवढा मोठा सिनेमा, एवढं युद्ध, आणि तुमची देवी केरवारे करायच्या गोष्टी करते! त्या अभिनेत्रीचा घसा बरा झालाय. सगळे संवाद पुन्हा करून घ्या. शुक्रवारपासून नवा आवाज लागला पाहिजे."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. सिनेमा त्यांचा, जोखीम त्यांची. मी मावशींच्या घरी गेलो आणि सांगितलं. त्या काकांची नखं कापत होत्या. एक बोट पूर्ण केलं आणि मग म्हणाल्या, "बदला. त्यांचं बरोबर असेल. पण गुरुवारपर्यंत मीच आहे ना?"

म्हटलं, "आहात."

"मग गुरुवारी दुपारी यांना घेऊन येते. एकदा ऐकू देत. नंतर काय लावायचं ते लावा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

मी तिथून थेट वितरकसाहेबांच्या कचेरीत गेलो आणि म्हटलं, "शुक्रवारी आवाज बदलतो. पण गुरुवारी दुपारी माझ्यासोबत थिएटरात उभं राहायचं. पडद्याकडे पाठ करून." ते म्हणाले, "तुम्हाला वेड लागलंय." तरी आले. हे त्यांचं मोठेपण मी या व्यासपीठावरून जाहीर सांगतो. माणूस कुरकुरतो, पण येतो.

गुरुवारी दुपारी थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. बटणरावने आणि तिथल्या दरवानाने काकांना उचलून खुर्चीत बसवलं. उजव्या बाजूला मावशी, डाव्या बाजूला मांडीवर भाजीची पिशवी घेतलेले एक अनोळखी गृहस्थ. दिवे गेले. धुकं आलं. आणि धुक्यातून देवीचं पहिलं वाक्य आलं, "कोण आहे तिकडे?"

काकांचा डावा हात उठला. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. मग तोच हात वळवून मावशीकडे. पुन्हा पडद्याकडे. पुन्हा मावशीकडे. मंडळी, त्या वेळी माझ्या शेजारी उभे असलेले साहेब पुटपुटत होते, "या गृहस्थांना काय झालंय?" मी म्हटलं, "बघत राहा."

काकांनी शेजारच्या गृहस्थांना कोपराने ढोसलं. ते दचकले. "काय हवंय? पाणी?" काकांनी पडदा दाखवला. "हो हो, बघतोय, छान आहे." काकांनी पुन्हा ढोसलं. "अहो काका, भाजी सांडेल!" मावशी लाजून चूर. त्यांनी काकांचा हात धरून खाली घेतला. हात परत वर.

मग ती दालनातली लढाई झाली. राख खाली बसली. देवी पाठमोरी उभी राहिली. "आता हे सगळं आवरायचं कुणी?" थिएटर हसलं. एक बाई अंधारात म्हणाली, "खरंय गं बाई." एका नवऱ्याने विचारलं, "ऐकलंस?" बायको म्हणाली, "मी नाही म्हटलं, तिने म्हटलं. पण तुम्हीच ऐका." आणि काकांनी त्या गृहस्थांच्या गुडघ्यावर अशी जोरात थाप मारली की मावशी घाईने म्हणाल्या, "अहो, पुरे ना आता!"

त्या गृहस्थांनी पिशवी सावरली. पडद्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. "अरेच्चा! ह्याच की काय त्या?"

काकांनी मान हलवली. अशी हलवली की आयुष्यात कुणी कशाला इतका होकार दिला नसेल.

मी साहेबांना हळूच म्हटलं, "आता ऐका. हसण्याकडे लक्ष देऊ नका. हसणं संपल्यावर काय येतं ते ऐका." कारण टवाळीचं हसणं मला माहीत आहे. ते नाकातून येतं, तोकडं असतं, आणि त्याच्यामागोमाग बडबड येते. खुर्च्या वाजतात, पिशव्या कुरकुरतात, थिएटर परत हाती लागत नाही. इथे उलटं झालं होतं. हसणं संपलं आणि आधी नव्हती इतकी शांतता पसरली. पुढे शिष्या जखमी होते आणि देवी तिला पाठीवर घेऊन डोंगराच्या पायऱ्या चढते, तो प्रसंग आहे ना? संवाद नाहीच. नुसते मावशींचे श्वास. ओढला, धरला, थोडा थोडा सोडला. कुणी खोकलंसुद्धा नाही. जिच्यावर लोक आत्ता हसले होते, तिचं ओझं आता त्यांनी सगळ्यांनी मिळून उचललं होतं.

साहेबांनी हळूच विचारलं, "ह्या बाई हे कुठं शिकल्या?"

मी काकांकडे बोट केलं.

बाहेर आल्यावर साहेब चष्मा पुसत म्हणाले, "शुक्रवारी काही बदलू नका." दोन पावलं गेले आणि परत आले. "आणि ते वाक्य पोस्टरवर टाका. मोठ्या अक्षरात. मागे देवी पाठमोरी हवी."

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दवाखान्यांत नर्स एकमेकींना ते वाक्य म्हणू लागल्या. कचेऱ्यांत बैठक संपली, की उष्ट्या कपांकडे बघून कुणीतरी हमखास म्हणायचं. लोक दुसऱ्यांदा गेले ते आईला घेऊन गेले. त्या गुरुवारी सिनेमा सुटल्यावर मात्र मावशींभोवती पहिल्यांदा गर्दी झाली. एक म्हातारी काठी टेकत आली आणि गंभीरपणे म्हणाली, "एवढं उडता, तुमचे गुडघे दुखत नाहीत का हो?" मावशी म्हणाल्या, "दुखतात." म्हातारी म्हणाली, "वाटलंच मला."

त्यानंतर मावशींनी राण्या केल्या, चेटकिणी केल्या, एक अंतराळयान केलं. यादी वाचत नाही. आज कामं भरपूर असताना, आवाज अजून खणखणीत असताना त्या काम सोडून निघाल्या आहेत, आणि मला सगळे विचारतायत की तुम्ही त्यांना थांबवलं का नाही. थांबवलं हो! हात जोडले. म्हटलं, "सकाळी नको तर दुपारी या."

त्या म्हणाल्या, "सकाळीच यांची जीभ वळते. दुपारी थकतात. मग माझी दुपार दुसऱ्या दिवशीच्या शब्दांच्या तयारीतच जाते."

काकांना शब्द परत शिकवणाऱ्या एक नव्या बाई भेटल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की रोज समोरासमोर बसायचं, घाई करायची नाही. बोलणाऱ्याचे ओठ बघत बघत एकेक आवाज काढायचा. मावशी मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी परक्यांच्या ओठांत माझा आवाज भरला. आता हे माझे ओठ बघून स्वतःचा आवाज काढतायत. एवढं काम सोडून मी स्टुडिओत कशी येऊ?"

तरी माझा हट्ट सुटला नाही.

मी गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो होतो. दार उघडंच होतं. दोघं खिडकीशी समोरासमोर बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून. मी बाहेरच थांबलो. कान असे असले की दारात थांबावंसं वाटतं. मावशी एक शब्द सावकाश म्हणत होत्या आणि काका तो पकडायला धावत होते. तो शब्द म्हणजे मावशींचं नाव होतं. खरं नाव. आपण सगळे मावशी म्हणतो, कित्येकांना ते ठाऊकही नाही. काकांच्या तोंडी पहिली दोन अक्षरं स्वच्छ आली. पुढे अडलं. मावशी म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा दोनच अक्षरं आली, आणि काकांनी चिडून खिडकीकडे तोंड फिरवलं. मावशींनी त्यांची हनुवटी धरून चेहरा परत आपल्याकडे वळवला, आणि म्हणाल्या, "अर्धं आलंय. मी कुठे जातेय?"

तेव्हा मी पायऱ्या उतरून परत फिरलो. थांबवायला गेलो होतो, बेल न वाजवता आलो.

अध्यक्षबाई, आपण मला बोलायची संधी दिलीत याबद्दल ऋणी आहे. वितरकसाहेब, आपण सगळं सोसलंत, आपले विशेष आभार. गुरुजी, बटणराव आणि हा सोहळा उभा करणारे सगळे कलाकार, तुमच्यामुळे हे घडलं. बोलण्याच्या ओघात कुणाची जास्त थट्टा झाली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर तो दोष माझ्या जिभेचा. माझ्या मनात तसं काही नव्हतं, तेव्हा मोठ्या मनाने सोडून द्या. रिवाजाप्रमाणे आता मी काकांना दोन शब्द बोलायची विनंती करायला हवी. ती मी करणार नाही. ते सभेचं काम नाही, घरचं आहे, आणि ते करायलाच मावशी निघाल्या आहेत. आपण फक्त त्यांना लवकर सोडू या. उद्या सकाळी त्यांना उरलेल्या अर्ध्या नावावर बसायचं आहे.